कानातल्या शिटीवर शांतता हे औषध नव्हे

गोव्यात नरकासुराची रात्र झाली, शिगम्याची मिरवणूक होऊन गेली, की कान वाजायला लागलेल्यांसाठी मोबाईलवर एक सल्ला फिरू लागतो. गावागणिक शब्द बदलतात, गोषवारा एकच असतो: मोठ्या आवाजानं कानात शिटी सुरू झाली तर तो वाताचा दोष. सात दिवस लसणीचं कोमट तेल कानात घाला. मीठ, चहा आणि कॉफी बंद. जिंको झाडाच्या अर्काच्या गोळ्या घ्या. कानांत कापसाचे बोळे घालून शक्य तितक्या शांत खोलीत राहा. एकवीस दिवसांत आवाज कायमचा जातो, डॉक्टर लागत नाही. आणि पुढच्या वर्षी त्रास नको असेल तर कानांना आवाजाची हळूहळू सवय लावा.

सल्ला पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण यातली दोन-तीन वाक्यं माणसाचा त्रास वाढवणारी आहेत आणि एक तर कायमचं बहिरेपण देऊ शकतं. म्हणून एकेक दावा तपासू.

आधी तेल. कानात घातलेलं तेल पडद्यापाशी थांबतं. मोठ्या आवाजाची इजा होते ती पडद्याच्या आणि त्यामागच्या तीन नाजूक हाडांच्याही पलीकडे, शंखासारख्या वेटोळ्या कॉक्लिआत. तिथं प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. वाऱ्यापावसात भाताचं शेत आडवं होतं ना, तसंच इथं होतं. नुसती वाकलेली रोपं दोन दिवसांत सावरतात, बुंध्यात मोडलेली सावरत नाहीत. माणसाच्या मोडलेल्या केसपेशी पुन्हा उगवतही नाहीत. मग त्या पेशी ज्या पट्टीतला आवाज टिपत, तो मेंदूपर्यंत पोचेनासा होतो आणि मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. रेडिओवर दूरचं केंद्र नीट लागेना म्हणून आवाज वाढवला की गाण्याआधी खरखर मोठी होते, साधारण तसा हा प्रकार. म्हणजे शिटी ऐकू येते कानात, पण ती चालू ठेवण्याचं काम बरंचसं मेंदूत होत असतं. तिथं लसणीचं तेल पोचण्याचा मार्गच नाही.

तेलाचा अपाय मात्र खरा. फटाका कानाजवळ फुटला असेल तर पडद्याला भोक पडलेलं असू शकतं आणि तेल थेट मधल्या कानात उतरतं. पडदा धड असला तरी आपल्या दमट हवेत ओल्या, तेलकट कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही. मग शिटीच्या जोडीला खाज, दुखणं आणि दडे. एक गोष्ट मान्य करायला हवी: कानात मळ घट्ट बसला असेल तर त्यानेही कान वाजतो आणि मळ काढल्यावर थांबतो. पण मळ आहे की नाही हे दुर्बिणीनं कानात बघितल्याशिवाय कळत नाही, आणि काडीनं कोरलं तर तो आणखी आत सरकतो.

मीठ बंद करण्याचा सल्ला मेनिएर नावाच्या वेगळ्या आजारातून उचललेला आहे. त्यात गरगरणं, कान जड होणं आणि ऐकू कमी-जास्त होणं असे झटके येतात, तिथं डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. आवाजानं झालेल्या शिटीशी त्याचा संबंध नाही. रक्तदाब असेल तर सुकी मासळी, लोणचं, पापड जरूर कमी करा, पण ते रक्तदाबासाठी. चहा-कॉफीचं तर उलटंच निघालं. अमेरिकेतल्या सुमारे ६५ हजार स्त्रियांची १८ वर्षं नोंद ठेवणारा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात जास्त कॅफिन घेणाऱ्यांमध्ये कर्णनाद, म्हणजे हीच कानातली शिटी, कमी आढळला. यावरून कॉफी औषध ठरत नाही, पण ती गुन्हेगारही ठरत नाही. ३० दिवसांच्या एका चाचणीत कॅफिन सोडून शिटी कमी झाली नाही, उलट ते सोडल्याची डोकेदुखी मात्र झाली. संध्याकाळनंतरचा चहा टाळावा, तो झोपेसाठी. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तीच शिटी दुप्पट छळते. फेणीचंही तसंच आहे: पटकन झोप लागते, पण पहाटे तीनला जाग येते आणि त्या वेळी कानाशिवाय सोबतीला दुसरं काही नसतं.

गोळ्यांबद्दल फार लिहायचं कारण नाही. जिंको, झिंक, मेलाटोनिन आणि इतर पूरक गोळ्या कर्णनादासाठी सुचवू नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. जिंको रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, हे त्या सल्ल्यात कुणी लिहीत नाही. काही औषधांमुळेच कान वाजतो, जसं मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन, क्विनीन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं. शंका आली तर चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून काही बंद करू नका.

आता "एकवीस दिवस थांबा, डॉक्टर नको." या सल्ल्यातलं सर्वांत घातक वाक्य हेच. एका मोठ्या रात्रीनंतर दडे बसणं आणि शिटी वाजणं बहुतेकदा १६ ते ४८ तासांत ओसरतं. तेवढा वेळ मोठा आवाज, हेडफोन, ग्राइंडर यांपासून लांब राहायचं, बस. पण एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, फोन त्या कानाला लावला तर बोलणं कळेना, तर वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं. अशा अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टिरॉइड देतात आणि त्याचा उपयोग व्हायचा असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत, तोही जितका लवकर तितका बरा. एकवीस दिवस तेल घालत बसलेल्या माणसाची ती वेळ निघून गेलेली असते.

शिटी फक्त एकाच कानात कायम राहिली, नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक ऐकू आली, सोबत चक्कर आली, तोंड वाकडं झालं किंवा कानातून पू-रक्त आलं तरीही तपासणी हवीच. बाकीच्यांनी शिटी आठवडाभर टिकली तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्यावा. गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) बांबोळीला कान-नाक-घसा विभाग आहे, मडगाव आणि म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयांतही विचारता येईल. तपासणीच्या आधी निदान १६ तास कानांना आराम द्यावा, नाहीतर तात्पुरती घट कायमची दिसते. अचानक बहिरेपण आलं असेल तर मात्र हा नियम विसरा आणि तडक जा. ३ हजार आणि ६ हजार हर्ट्झही (हर्ट्झ म्हणजे स्वराची उंची मोजायचं माप) तपासायला सांगा. आवाजाच्या इजेचा खड्डा आलेखात बहुधा ४ हजारांच्या आसपास दिसतो आणि त्याची खोली शेजारच्या आकड्यांमुळे कळते. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानं शिटीचा त्रासही अनेकांचा उतरतो, कारण मेंदूला हवा असलेला आवाज पुन्हा मिळू लागतो.

"कानांना सवय लावा" हा दावा ढोल-ताशा पथकांत आणि कारखान्यांत अगदी श्रद्धेनं सांगितला जातो. कान घट्ट होत नाही. सवय झाली असं वाटतं तेव्हा बहुतेकदा ऐकणं कमी झालेलं असतं. आवाजाचा हिशेब डेसिबल आणि वेळ या दोघांचा मिळून असतो. ८५ डेसिबल ८ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ८ तासांची मर्यादा ९० आहे, तेव्हा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा वास्कोच्या जहाजबांधणीत "नियमात बसतं" म्हणजे कानाला सोसतं असं नव्हे. ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी रात्र काढणाऱ्याला तर मीटर कुणी लावतच नाही. मीटर नसला तरी एक खूण आहे: हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, की ८५ ओलांडले असं समजा. चतुर्थीला बंद खोलीत घुमट, शामेळ आणि झांजा एकदम सुरू झाल्या की ही खूण पहिल्याच आरतीत पटते. त्यातही झांज कानाच्या उंचीवर वाजते, म्हणून लहान मुलाला झांजवाल्याच्या पुढ्यात उभं करू नका.

अंतर हे फुकटचं औषध. उघड्यावर एका स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. नरकासुराच्या स्पीकरपासून २ मीटरवर १०६ असतील तर ४ मीटरवर १०० आणि ८ मीटरवर ९४. म्हणजे चार मिनिटांची मुदत सहा मीटर मागे सरकून तासाभराची होते. दोन्हीकडे भिंती असलेल्या अरुंद गल्लीत आवाज इतका उतरत नाही, तिथं थांबूच नये. फटाक्यांची कायद्यातली मर्यादा ४ मीटरवर मोजतात, हातात धरून नव्हे.

कापसाच्या बोळ्यानं काय होतं? जेमतेम काही डेसिबल. मिरवणुकीत तो नसल्यासारखाच. तिथं फोमचा इअरप्लग हवा, तोही नीट बसवलेला. औषधाच्या दुकानात मिळतो, फार महागही नसतो. हात कोरडे करा, बोटांत फिरवून प्लग उदबत्तीच्या काडीसारखा बारीक करा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि बोटानं ३० सेकंद धरून ठेवा. इथंच बहुतेकांचं चुकतं. धरून न ठेवल्यास तो फुगताना बाहेर येतो आणि कडेनं आवाज शिरतो. बसला की नाही ते बघायला दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून सोडा. फारसा फरक जाणवला नाही तर बसला. पाकिटावर ३० डेसिबल लिहिले असतील तर प्रत्यक्षात निम्मे धरा, तरीही १०० चे ८५ होतात आणि पंधरा मिनिटांचे आठ तास. वाजवणाऱ्यांना फोम आवडत नाही, कारण बारीक स्वर आधी मरतात. त्यांनी वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग घ्यावेत. ते सगळे स्वर सारखेच उतरवतात, भजनातल्या पेटीचा सूर कळतो.

पण हेच प्लग किंवा कापूस घरात, दिवसभर? सल्ल्यातला हा भाग सर्वांत पटकन पटतो, म्हणून त्यावर थांबायला हवं. आवाजानं दुखलं, तर आवाज बंद करू, असं कुणालाही वाटेल. १९५३ साली अमेरिकेत चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं. पाच मिनिटांत त्यातल्या ९४ टक्के लोकांना कानात कसला ना कसला नाद ऐकू आला. शांततेत निरोगी मेंदूही नाद शोधतो, मग इजा झालेल्याचं काय होईल? पुढच्या एका प्रयोगात लोकांनी दोन आठवडे कानांत प्लग ठेवले, तर नंतर त्यांना साधे आवाजही आधीपेक्षा मोठे वाटू लागले. घरात बोळे घालून बसणाऱ्याचं हेच होतं. आधी शिटी, मग भांड्यांचा आवाज सोसवेना, मग माणसं नकोशी.

करायचं ते उलट. मोठ्या आवाजापासून कान वाचवायचा आणि बाकी वेळ हलक्या आवाजाची सोबत ठेवायची. पावसाळ्यात कौलांवरचा पाऊस हे काम आपोआप करतो. इतर महिन्यांत पंखा, किंवा मोबाईलमधला पावसाचा, समुद्राचा आवाज छोट्या स्पीकरवर, उशीपासून हातभर लांब. हेडफोन लावून झोपू नका. आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा आणि शिटीच्या किंचित खाली थांबा. शिटी ऐकू यायला हवी, पण एकटी नको. ती पूर्ण बुडेल इतका आवाज वाढवला तर मेंदूला तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकण्याची संधीच मिळत नाही, आणि बंद केल्यावर ती आणखी उठून दिसते. जागा सापडली की बटणावर खूण करा आणि रोज तिथंच ठेवा. भ्रामरी करत असाल तर जरूर करा, ताण उतरतो. फक्त अंगठ्यांनी कान बंद करू नका, बंद कानात शिटी पुढे येते.

हे एकवीस दिवसांचं काम नाही, महिन्यांचं आहे. शिटी किती मोठी हे रोज तपासू नका, तपासणं म्हणजे तिला बोलावणं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तिनं किती त्रास दिला याला शून्य ते दहा गुण द्या. आवाज तितकाच राहून गुण उतरतात, सुधारणा दिसते ती अशीच. तीन महिन्यांनीही गुण तिथंच असतील, झोप नाही, मन बसत नाही, तर कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी (बोलण्यातून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा उपचार) देणारा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. कर्णनादाचा त्रास कमी करण्यात सर्वांत भक्कम पुरावा याच उपचाराचा आहे. शिटी खोटी आहे असा याचा अर्थ नाही.

आणि एक तयारी एप्रिल-मेसाठी. रात्री दोनला वीज जाते, पंख्याची पाती थांबतात, आणि त्या क्षणी शिटी खोलीभर होते. नेमक्या याच वेळी घाबरून पुन्हा तेलाची बाटली शोधली जाते. उशाशी सेलवर चालणारा रेडिओ ठेवा, दोन केंद्रांच्या मधल्या खरखरीवर लावलेला, आवाज आधीच त्या खुणेवर आणलेला. अंधारात फक्त बटण दाबायचं, उठून काही शोधायचं नाही.