अंदमानला गेलात तर उतरल्या दिवशी काहीही बघू नका

दिवाळी झाली की आपल्या कोल्हापुरात दोन विषय तापतात. एक ऊसदर आणि दुसरा, डिसेंबरात कुठं जायचं. पहिल्यावर बोलणारी माणसं भरपूर आहेत, म्हणून मी दुसऱ्यावर लिहितो.

यंदा आमच्या ओळखीतली बरीच मंडळी अंदमानला निघालीत. "तू जाऊन आलायस, जरा हे बघ की," असं म्हणत रोज कुणीतरी पॅकेजची पीडीएफ पाठवतंय. एजंट वेगळे, हॉटेलं वेगळी, दरही वेगळे, पण पहिला दिवस सगळीकडं तोच. सकाळी पोर्ट ब्लेअरला आगमन, दुपारी सेल्युलर जेल, चार वाजता कॉर्बिन्स कोव्ह बीच, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो. (२०२४ पासून गावाचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण माझ्या तोंडात अजून पोर्ट ब्लेअरच आहे, तेवढं चालवून घ्या.)

माझं म्हणणं असं की हा पहिला दिवस कागदावरनं खोडून टाका. हॉटेलात जा, अंघोळ करा, झोपा, संध्याकाळी खाली उतरून चहा घ्या. बाकी काही नको. जेल तर अजिबात नको.

का, ते सांगतो. एजंटाच्या कागदावर आपला प्रवास बेंगळुरू नाहीतर चेन्नईच्या विमानतळावर सुरू होतो. कोल्हापूरच्या माणसाचा खरा प्रवास त्याआधी कितीतरी तास, तावडे हॉटेलपाशी बॅगा घेऊन बसची वाट बघत सुरू झालेला असतो. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावरनं अंदमानला थेट विमान नाही. मधल्या विमानाची वेळ जुळली तर नशीब, नाहीतर रात्रभर स्लीपर बसमधनं बेंगळुरू. तिथं बस आपल्याला तुमकूर रोडवर सोडणार आणि विमानतळ पार देवनहळ्ळीला. म्हणजे परत टॅक्सी. मुंबईवरनं जाणाऱ्यांचं महालक्ष्मी एक्सप्रेसनं तसंच. त्यात अंदमानची बरीच विमानं पहाटेची किंवा सकाळची, त्यामुळं आदली रात्र गेलीच म्हणून समजा. आमची थोरली आत्या बरोबर होती. वय सत्तरीच्या पुढं, पण बसमध्ये तिनं डोळ्याला डोळा लावला नाही. ड्रायव्हर झोपला तर काय, म्हणून ती जागी! अशा माणसाला विमानातनं उतरवून दोन तासांत जेलचे जिने चढायला लावायचे?

विमानातला शेवटचा अर्धा तास मात्र जागं राहून बघण्यासारखा आहे. किनारा सुटला की जवळजवळ दोन तास खाली नुसतं पाणी. आपण घाटमाथ्यावरची माणसं, समुद्र म्हटलं की आपल्याला गणपतीपुळे नाहीतर मालवण, म्हणजे एका बाजूला जमीन असलेला समुद्र. इथं कुठल्याच बाजूला जमीन नाही. हळूहळू पेंग यायला लागते आणि मग एकदम खाली हिरवं काहीतरी दिसतं. दाट जंगल, त्याला पांढऱ्या वाळूची बारीक किनार, तिच्याभोवती फिकट हिरवं उथळ पाणी आणि पुढं गर्द निळा. मग दुसरं बेट, मग तिसरं. बेटं सगळी मिळून पाचशेच्या वर आहेत, माणसांची वस्ती त्यातल्या थोड्याच बेटांवर. दाजी खिडकीपाशी बसले होते, त्यांनी ती कुणाला दिली नाही. चांगला सव्वासहा फूट माणूस, काचेला नाक लावून बसलेला.

दार उघडलं की ओली हवा अंगावर येते. पहाटे घातलेला स्वेटर जिन्यावरच काढावा लागतो. जानेवारीतली कोरडी थंडी सोडून आपण आलेलो असतो आणि शरीराला ते कळायला वेळ लागतो.

आता घड्याळाचं बघा, कारण सगळी पॅकेजं फसतात ती इथं. भारताची वेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखांशावरनं. कोल्हापूर त्याच्या पश्चिमेला आठेक अंश, पोर्ट ब्लेअर पूर्वेला दहा अंश. एका अंशाला चार मिनिटं धरली तर दोन्ही गावांच्या सूर्यात सव्वा तासाचा फरक पडतो, घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात आपल्याकडं सहा वाजून गेल्यावर सूर्य बुडतो, तिथं पाचच्या सुमाराला. रंकाळ्यावर ज्या वेळेला आपण भेळ खायला निघतो, त्या वेळेला तिथं अंधार. आत्या हॉटेलच्या गॅलरीत बसून म्हणाली, "अरे, दिवेलागणीची वेळ झाली, आणि हे घड्याळ बंद पडलंय बघ." घड्याळ चालू होतं. उलट पहाटे पाच-साडेपाचला पडद्याआडून असा उजेड येतो की झोपायची सोय नाही.

म्हणजे 'चार वाजता कॉर्बिन्स कोव्ह' याचा अर्थ पोहोचून पाय ओले करेपर्यंत सूर्य गेला. त्या बेटावरचा दिवस पहाटे सुरू होतो आणि आपल्या चहाच्या वेळेला संपतो. एक रात्र मुकाट झोपलात तर दुसऱ्या दिवशी पाचला आपोआप जाग येते आणि हातात आख्खी सकाळ असते. पहिल्याच दिवशी लाइट अँड साउंड शो बघून, बाहेर जेवून अकराला झोपलात, तर सगळी ट्रिप त्या उजेडाच्या मागं धावण्यात जाते.

यावर येणारं उत्तर मला पाठ आहे. दाजीच म्हणाले होते, "एवढे पैसे घातलेत, रजा टाकलीय, आणि पहिल्या दिवशी झोपायला सांगतोस? झोपायला कोल्हापूर काय वाईट होतं?" मुद्दा खोटा नाही. रजा मिळत नाही, पोरांच्या परीक्षा असतात आणि असली ट्रिप पुन्हा कधी होईल सांगता येत नाही. म्हणून तर सांगतो, एक बेट कमी करा. पॅकेजवाला लग्नातल्या आग्रही वाढप्यासारखा असतो, नको म्हटलं तरी पानात आणखी एक पॉइंट टाकतो. पॉइंट वाढला की गाडी वाढते, गाडी वाढली की बिल वाढतं. आपण बिलाकडं बघतो, पानात काय उरलंय ते बघत नाही.

आणि जेल. याबद्दल मी जरा हट्टी आहे. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मधल्या मनोऱ्यापासून सात दिशांना निघालेल्या सात तीनमजली इमारती, त्यातल्या आज तीन उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडं, म्हणजे एका कैद्यानं दुसऱ्याचा चेहरा बघायचा नाही. हे वाचून कळत नाही. कोठडीत जाऊन, दाराशी उभं राहून समोरच्या भिंतीकडं पाच मिनिटं बघावं लागतं. दाराची कडी भिंतीतल्या कोनाड्यात इतकी लांब बसवलीय की आतनं हात पोचत नाही, हेही तिथं स्वतः हात घालून बघावं लागतं. दुपारच्या ग्रुपमध्ये गाइड पुढं आणि जांभया देणारी माणसं मागं, त्यात हे होत नाही.

आपण मराठी माणसं सरळ तिसऱ्या मजल्यावरची सावरकरांची कोठडी गाठतो, फोटो काढतो, खाली येतो. सावरकरांबद्दल तुमचं मत काहीही असो (इथं वाद घालू नका, हात जोडतो), तो माणूस जुलै १९११ मध्ये 'महाराजा' नावाच्या आगबोटीतनं तिथं उतरला आणि पुढची दहा वर्षं तिथं होता. थोरले भाऊ बाबाराव आधीपासून त्याच जेलात. पण कैद्यांच्या नावांच्या पाट्याही वाचा. सगळ्यांत जास्त नावं बंगालची, मग पंजाबची. खाली कोलूपाशी, म्हणजे तेलाच्या घाण्यापाशी थांबा. माणसाला जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावायचे. आणि हे जेल नंतरचं. कैद्यांची वसाहत १८५८ सालीच सुरू झाली, सत्तावनच्या उठावातली माणसं पाठवायला. सकाळी ताज्या डोक्यानं गेलात तर दोन-अडीच तास कुठं गेले कळत नाही. लाइट अँड साउंड शो त्याच दिवशी अंधार पडल्यावर बघा. त्यात आवारातला पिंपळ गोष्ट सांगतो. सकाळी तो पिंपळ बघितलेला असला की शो पोचतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला जाताना खासगी कॅटामरानचंच तिकीट गळ्यात मारतात. वेगानं नेतात, एसी आहे, पण बंद काचेतनं काय दिसणार? एका बाजूला तरी सरकारी बोट घ्या. तासभर जास्त लागेल, पण डेकवर उभं राहता येतं आणि पाण्यावरनं सुळकन उडत जाणारे मासे दिसतात. आमची भाची ते मोजता मोजता दमली. समुद्र बिघडला तर बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशी दुसऱ्या बेटावर अजिबात राहू नका. शहीद द्वीपला (जुनं नील) खडकाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीलाच नीट बघता येते. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासानं सरकते. एजंटाच्या छापील वेळेवर जाऊ नका, हॉटेलवाल्याला विचारा. हॅवलॉकचा राधानगर किनारा लोक सूर्यास्तासाठी सांगतात. मी म्हणतो सकाळी लवकर जा, पाणी शांत असतं आणि माणसं कमी.

शंख, शिंपले, पोवळ्याचे तुकडे उचलून आणू नका. विमानतळावर बॅगा तपासतात आणि पोवळी वन्यजीव कायद्याखाली येतात, तिथं 'पोरानं घातलं असेल' चालत नाही.

बाराटांग बेटाबद्दल एकच. गाडी जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातनं जाते, पोलिसांच्या ताफ्यात, ठरलेल्या वेळेला. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला द्यायचं नाही. तरी काही ड्रायव्हर 'दिसतील, दिसतील' म्हणून गिऱ्हाईक गोळा करतात. चुन्याच्या गुहा बघायच्या असतील तर जरूर जा. जारवा 'बघायचे' असतील तर घरी थांबा. इंग्रज आले तेव्हा इथल्याच ग्रेट अंदमानी जमातीचे लोक काही हजार होते, आज पन्नासच्या आसपास उरलेत. बाहेरनं आलेल्या माणसांचं आणि रोगांचं ते काम आहे.

जेवणाचं म्हणाल तर कांदा-लसूण चटणीची बाटली न्या, मी नाही म्हणत नाही. पण 'कोल्हापुरी जेवण मिळेल' असं छापलेल्या पॅकेजला जास्त पैसे देऊ नका. हॅवलॉकवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधनं आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर अशी. त्यांच्या हातचं माशाचं कालवण आणि भात खाऊन बघा. आत्यानं, जी बाहेर पाणीसुद्धा पीत नाही, दोनदा भात घेतला.

ज्यांचं बुकिंग झालंय त्यांनी आज एजंटाला फोन करून एवढंच सांगा: पहिल्या दिवशी फक्त विमानतळ ते हॉटेल गाडी, जेल दुसऱ्या दिवशी सकाळी. 'सर, तसं होत नाही' म्हणेल. होतं. दोन घरांचं मी गेल्या आठवड्यात करून घेतलंय, एका घराचे तर गाडीचे थोडे पैसेही वाचले.

दाजींनी आता लक्षद्वीप काढलंय. तिथं आपल्यालाही परमिट लागतं आणि बहुतेक जण जातात कोचीवरनं, विमानानं अगत्तीला नाहीतर बोटीनं. कोल्हापुरातनं अलीकडं कुणी बोटीनं जाऊन आलं असेल तर सांगा, आत्याला बोटच पाहिजे म्हणते.