फक्त मीलवर्मवर भागवू नका
लेपर्ड गेको या पाळीव पालीला नुसते मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) दिले तरी पुरतं, हे एका लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. मीलवर्म काय नि रातकिडे काय, दोन्हींत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी. वरून कॅल्शियमची पूड लावली नाही तर हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांत मात्र मुळातच कॅल्शियम भरपूर असतं. किड्यांनाही आदल्या दिवशी गाजर, पालेभाजी खाऊ घाला. उपाशी किड्यातून पोषण कुठून मिळणार? वॅक्सवर्म (एका पतंगाच्या अळ्या) क्वचितच द्या. चरबी फार, आणि एकदा चटक लागली की गेको बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. उरलेले रातकिडे टाकीतून काढाच, ते गेकोलाच चावतात. काजवे तर चुकूनही नकोत, ते त्याला विषारी असतात.