डेंग्यूचं खापर पावसावर फोडू नका

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ऑगस्टमधला ठरलेला वाद यंदाही पेटला. दोन विंगांत डेंग्यूचे पेशंट निघाले आणि लगेच तट पडले. एका गटाचं म्हणणं, "हवामानच बदललंय, त्याला कोण काय करणार?" दुसऱ्याचं, "महापालिकेला धूर मारायला बोलवा." मी सिंगापूरहून लिहिलं, की आधी गच्ची आणि डक्ट बघा. त्यावर एका काकांचं उत्तर आलं, "तिकडे बसून सांगणं सोपं आहे." ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

हवामानाचा संबंध नाही असं मी कधीच म्हटलं नाही. डास आजारी माणसाला चावला की विषाणू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोहोचायला आठ-दहा दिवस जातात. तोवर तो डास कुणाला आजारी पाडू शकत नाही. उकाडा वाढला की हे दिवस कमी होतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी जगते दोन-तीन आठवडे, त्यामुळे दोन-तीन दिवस वाचले तरी तिला पसरवायला भरपूर वेळ मिळतो. एवढं हवामानाच्या पदरात टाकायला मी तयार आहे.

पण "यंदा धो धो पडला म्हणून डेंग्यू वाढला" हे तर उलटं आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतल्या सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा पुण्याच्या डेंग्यूवरचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम, थोडा थोडा पसरून पडणारा, असं असलं की डेंग्यू वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर कोसळला तर अळ्याच वाहून जातात. आपल्या गावच्या संस्थेने आपल्याच गावाबद्दल शोधलेलं हे आपल्या ग्रुपवर कुणी वाचलेलं नसावं, याचा मला खरंच राग येतो.

आता इथलं. पुण्याला डेंग्यूसाठी लागणारं हवामान काही महिने मिळतं, सिंगापूरला बारा महिने. तरी इथे कुणी आभाळाकडे बोट दाखवत नाही. ब्लॉकखाली लाल बॅनर लागला की दहा किंवा जास्त पेशंट आहेत हे सगळ्यांना कळतं. एनईएचा, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा, माणूस बेल वाजवतो आणि टॉर्च घेऊन आत येतो. कपड्यांच्या बांबूंसाठी भिंतीत बसवलेल्या नळ्यांना टोपण आहे का बघतो, एसीच्या ट्रेमध्ये बोट फिरवतो, कुंडीखालची ताटली उचलून कडा तपासतो. कडाच, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात. ताटली नुसती पालथी केली तर ती तशीच राहतात, घासावी लागतात. अळ्या सापडल्या तर २०० सिंगापूर डॉलर दंड. धूर मारला की उडणारे डास मरतात, या अंड्यांना त्याने काहीही होत नाही.

"मग २०२० मध्ये तुमच्याकडे ३५ हजारांवर केसेस कशा?" हेही ग्रुपवर आलंच. आल्या, खरं आहे. अनेक वर्षं डास आटोक्यात राहिल्याने लोकांमध्ये प्रतिकारशक्ती कमी होती, आणि त्या वर्षी विषाणूचा प्रकारही बदलला. पण इथे प्रत्येक केस कळवावीच लागते, आपल्याकडे कितीतरी ताप तपासणीविना 'व्हायरल' म्हणून निघून जातात. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून मला गप्प करू नका.

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूने आहे. माझ्या नळाला चोवीस तास पाणी येतं. आईकडे ठरावीक वेळी येतं, म्हणून बाथरूममध्ये ड्रम भरून ठेवावा लागतो. पाऊस ओढ देतो तेव्हा असे ड्रम घरोघरी वाढतात, म्हणून डेंग्यू कोरड्या दिवसांतही फिरतो. झाकण घट्ट बसवा एवढंच मी फोनवर सांगू शकतो. ती म्हणते, "बसवलंय रे." तिला ताप आला तर प्लेटलेट्सचा रिपोर्ट आणायला त्या काकांचाच मुलगा धावणार आहे, मी नाही. ते वाक्य म्हणूनच जिव्हारी लागलं. इथे मी बेल वाजली की दार उघडणारा भाडेकरू आहे, आणि जिथल्या मेंटेनन्सच्या पावतीवर माझं नाव आहे तिथे बोललो की उपरा ठरतो.

तरीही बोलणार. सोसायटीची सभा सप्टेंबरमध्ये असते, तेव्हा बोलून काय उपयोग? कोरडी अंडी कित्येक महिने टिकतात आणि पहिल्या पावसाच्या पाण्याने फुटतात. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं, डक्टमधलं भंगार, पार्किंगमधले जुने टायर, हे सगळं मे महिन्यातच निघायला हवं. त्यासाठी सभा मे महिन्यात बोलवा. मी ऑनलाइन येईन, आणि माझ्या वाट्याची वर्गणी आधी भरेन.