फर्निचरसकट घर आणि एकच आकडा

काल पुन्हा सामानासकट विकल्या जाणाऱ्या घराच्या किमतीवरून वाद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी घरांचं मूल्यांकन करते. एका गृहस्थांनी सगळ्या सामानासकट घर घ्यायचं ठरवलं, करारात एकच रक्कम. मी कर्जासाठीच्या अहवालात सामान वगळून घराचं मूल्य लिहिलं, तर ते दुखावले. "मॅडम, मी एवढे पैसे खरंच मोजणार आहे. मग तुम्ही कमी कसं दाखवता?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे. पैसे ते देणारच आहेत, पण त्यातले काही घराचे आणि काही सोफा, फ्रिज, जेवणाचं टेबल यांचे. कर्ज मिळतं ते घराच्या तारणावर, आणि सोफा उद्या टेम्पोत चढू शकतो. समजा व्यवहार १०० चा आहे आणि त्यात १० सामानाचे. ८० टक्के कर्ज म्हणून ८० दिले, तर ९० च्या घरावर ते जवळजवळ ८९ टक्के झालं. हप्ते थकले की हा फरक कुणाच्या तरी अंगावर येतोच.

आता घराचं काय आणि सामान काय, हे ठरवणं मात्र सोपं नाही. १८७२ च्या 'हॉलंड विरुद्ध हॉजसन' या इंग्लंडमधल्या खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दिलेलं उदाहरण मला अजून उपयोगी पडतं. चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचून कुंपणाची भिंत केली, तर ते दगड जमिनीचा भाग. तेच दगड बांधकामवाल्याच्या आवारात सोयीसाठी भिंतीसारखे रचून ठेवले, तर ती जंगम, म्हणजे हलवता येणारी, वस्तू. म्हणजे वस्तू किती घट्ट बसवलीय एवढंच नाही, तर कशासाठी बसवलीय हेही बघायचं.

एका घरात शेजारी शेजारी दोन कपाटं होती, दिसायला सारखीच. मी बॅटरी घेऊन मागे डोकावले. एकामागे भिंतीला रंगच नव्हता आणि खालची फरशीची पट्टी कपाटाच्या मापाने कापलेली. दुसरं चार पायांवर उभं, मागे भिंत नीट रंगवलेली. पहिलं घरात धरलं, दुसरं सामानात. झाडांचंही तसंच: मातीत रुजलेला आंबा घराबरोबर जातो, कुंडीतला मोगरा नाही.

मला सर्वात जास्त काळजी शेजाऱ्यांची वाटते. हा सामानासकटचा आकडा नोंदला जातो आणि पुढच्या वेळी रिकाम्या घराचं मूल्य काढताना कुणीतरी तोच तुलनेला घेतो. मग नवा खरेदीदार न मिळालेल्या सोफ्याचे पैसे भरतो. तुलनेचे व्यवहार घेताना "सोबत काय काय गेलं?" हे मूल्यांककाने विचारायलाच हवं. विचारलं नाही तर काम अर्धवट झालं, असं मी स्पष्ट म्हणते.

आणि विकणाऱ्यांनो, सामानाची यादी व रक्कम करारात वेगळी लिहा. खरेदीच्या पावत्या लावू नका, वापरलेल्या वस्तूची आज काय किंमत येईल ती धरा. घराची रक्कम कमी दाखवून कर वाचवायला सामानाचा आकडा फुगवणं हेही तितकंच चूक.

काल शेवटी त्या गृहस्थांबरोबर यादी करायला बसले. सगळं सुरळीत चाललं, अडलो पडद्यांवर. मी म्हटलं, पडदे सामानात, भिंतीत ठोकलेल्या दांड्या घरात. त्यांना पटलं, विकणाऱ्यांचं उत्तर अजून यायचंय.