पाच मिनिटे, आणि एकही खो नाही

आज सकाळी आमच्या लेकीचा आयुष्यातला पहिला सामना झाला. उन्हाळी शिबिरातल्या दहा वर्षांखालील मुलींचा, शेजारच्या मैदानावरच्या संघाशी, खो-खोचा. पाठलागाचा डाव पाच मिनिटांचा होता, आणि त्या पाच मिनिटांत तिला एकदाही खो मिळाला नाही. घरी येऊन चार तास झाले, जेवणे झाली, ती दमून झोपलीसुद्धा. माझा राग मात्र उतरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ज्यांनी खो-खो खेळला आहे त्यांना पाटीवर बसणे म्हणजे काय ते सांगायला नको. क्रिकेट पाहत वाढलेल्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. नऊ जणींपैकी एक पाठलाग करते आणि आठ जणी मधल्या पट्ट्यावरच्या चौकोनांत, एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. चौकोन असतो जेमतेम फूटभर लांब-रुंद, म्हणजे पाटाएवढासुद्धा नाही. खो पाठीमागून मिळतो, त्यामुळे बसलेल्या मुलीला आपल्यामागे कोण आले हे दिसत नाही, केवळ ऐकू येते. खो मिळण्याआधी उठले तर फाऊल होतो. माझी लेक खांबापासून चौथी होती. उकिडवी बसून, दोन्ही हातांची बोटे मातीत टेकवून, मान किंचित खाली घालून ती कान देऊन ऐकत होती. धावणारी पावले मागून जवळ आली की तिच्या टाचा उचलल्या जात, खांदे वर येत. पावले पुढे निघून जात आणि टाचा पुन्हा खाली टेकत. पाच मिनिटे मी दुसरे काहीही पाहिले नाही.

हे आपोआप घडलेले नव्हते. खांबाजवळ, फक्कीच्या रेषेला अगदी पाय लावून, एका मुलीचे वडील उभे होते आणि ते पहिल्या मिनिटापासून ओरडत होते, ‘‘तिला नको, पुढचीला दे! ती हळू आहे, खो वाया जाईल!’’ ती म्हणजे माझी आठ वर्षांची मुलगी. तिला पाठीमागची पावले ऐकू येत होती, तर हे शब्द ऐकू आले नसतील असे मानण्याइतकी मी भोळी नाही. खो वाया जातो म्हणजे नेमके काय होते, हे त्या गृहस्थांनी मला समजावून सांगावे. मे महिन्यातल्या सकाळी, आंब्याच्या झाडाखालच्या मैदानावर, आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या सामन्यात एक गडी दहा सेकंद उशिरा बाद झाला असता, एवढेच ना?

आणि मला सर्वांत जास्त लागले ते हे की हे खो-खोमध्ये घडले. या खेळाचा सगळा बांधाच एकट्याच्या विरुद्ध आहे. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. समोरचा गडी पाटीतून पलीकडे निसटला की कितीही चपळ मुलगी असो, तिला पलीकडे तोंड करून बसलेल्या कोणालातरी खो द्यावाच लागतो आणि स्वतः त्या जागी बसावे लागते. आपला डाव दुसरीच्या पाठीवर हात ठेवून तिच्या हवाली करायचा, हे ज्या खेळात नियमानेच करावे लागते, त्या खेळात आम्ही मोठी माणसे रेषेवर उभे राहून लहान मुलींना शिकवतो की अमकीच्या पाठीला हात लावू नकोस. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांत बसवले. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या खेळाने पोराटोरांना जोडीने धावायला शिकवले, त्याची ही गत करायची आपल्याला लाज वाटत नाही का?

सामना आहे म्हटल्यावर जिंकावेसे वाटणारच, हे मान्य. मुलांना हरणेही पचवता आले पाहिजे, हेही मान्य. परंतु हरायलासुद्धा आधी खेळायला मिळावे लागते. पळतीच्या, म्हणजे पाठलाग चुकवण्याच्या, डावात माझी लेक तिसऱ्या तुकडीत होती. आत गेली, एका मुलीला तिने बरी हुलकावणी दिली आणि लगेचच बाद झाली. बाहेर येताना ती खळखळून हसत होती, गुडघ्यावरची माती झटकत होती आणि ‘‘मी तिला चुकवलं, पाहिलंस?’’ असे मला लांबूनच विचारत होती. बाद होण्याचे तिला काहीही वाटले नाही. पाटीवरून उठताना मात्र ती हसली नाही. बाद होणे आणि वगळले जाणे यांतला फरक आठ वर्षांच्या मुलीला कळतो. पन्नाशीच्या माणसाला कळत नाही, याचे काय करायचे?

शिबिरातल्या सरांविषयी लिहिताना माझा हात जड होतो. ते पहाटे सहाच्या आत मैदानावर येतात, स्वतः पाणी मारतात, स्वतः फक्की आखतात आणि जे शुल्क घेतात त्यात आजकाल एका वेळचे हॉटेलातले जेवणही होत नाही. ते आज पंचगिरी करत होते. त्यांनी ते ओरडणे ऐकले होते, कारण त्यांनी एकदा तिकडे पाहिले. शिटी मात्र वाजवली नाही. मला त्यांचा राग आलेला नाही, वाईट वाटले आहे. आणि मी तरी काय केले? मी चार पावलांवर होते. मलाही तोंड होते. ‘लोक काय म्हणतील, हिला स्वतःच्याच पोरीचे पडले आहे’, या विचाराने मी गप्प राहिले. पाटीवर बसलेल्या मुलीला उठण्याची मनाई होती, मला नव्हती. हे मला आज रात्री झोपू देणार नाही.

या खेळाचे वेड तिला आम्ही लावलेले नाही. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हा ती पहिलीत होती. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असे हरवले, प्रियंका इंगळे यांच्या हातात चषक आला, आणि पलीकडे प्रतीक वाईकर यांच्या पुरुष संघानेही विजेतेपद मिळवले. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, म्हणून आजोबांनी पेढे आणले. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणीही पाठमोरे बसले की पाठीवर थाप आणि कानात ‘खो!’ ठरलेला. पोळ्या लाटताना मला, वर्तमानपत्र वाचताना आजोबांना. प्रियंका इंगळे यांनाही कुठल्यातरी मैदानावर कोणीतरी पहिला खो दिलाच असेल, आणि तो देताना त्या किती वेगाने धावतील हे देणाऱ्याला ठाऊक नसेल.

परतताना स्कूटरवर ती बराच वेळ बोलली नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाली, ‘‘आई, मी एकदाही आधी उठले नाही. एकदाही फाऊल केला नाही.’’ सरांनी सरावात हेच पुन्हा पुन्हा सांगितले होते आणि तिने ते पाळले होते. तिच्या लेखी ती चांगली खेळली होती. मी ‘‘हो गं राणी, अगदी नीट बसली होतीस’’ एवढेच म्हणू शकले. हेल्मेटची काच खाली होती ते बरे झाले.

शिबिराचा अजून एक आठवडा आहे. सोमवारी सव्वासहाला मी सरांना भेटून दोन गोष्टी मागणार आहे. दहा वर्षांखालच्या सामन्यात डाव संपण्याआधी बसलेल्या प्रत्येक मुलीला निदान एक खो मिळाला पाहिजे, आणि पालकांनी रेषेपासून दहा पावले मागे, तोंड मिटून उभे राहिले पाहिजे. शिबिरातल्या ज्या आईवडिलांना हे पटते त्यांनी सोबत यावे. ते गृहस्थही आले तर मला आनंदच होईल.

पाठलाग करणारी मुलगी त्यांचीच. तिच्याविरुद्ध माझ्या मनात काही नाही. पहिल्याच फेरीत ती माझ्या लेकीच्या मागे क्षणभर थबकली होती, हात पुढे आलेला मी पाहिला होता. मग तिने रेषेकडे पाहिले आणि हात मागे घेतला. सामन्यानंतर लिंबूसरबताचा पेला घेऊन ती आपणहून आमच्याकडे आली आणि माझ्या लेकीला म्हणाली, ‘‘मी तुला देणार होते, पण बाबा ओरडले. सोमवारी पहिला खो तुलाच.’’ मग दोघी एकाच पेल्यातून सरबत प्यायल्या आणि खांबाला शिवून परत येण्याची शर्यत लावायला पळाल्या.