पुढे बघू

स्वस्त आणि चांगलं जेवण शोधणं अवघड नाही. अवघड आहे ते कुटुंबाला बरोबर घेऊन शोधणं. एकट्या माणसाला नुसती भूक लागते, कुटुंबाला आधी पार्किंग लागतं. मग स्वच्छ बाथरूम. मुलांना 'काहीतरी चायनीज' लागतं, तर वडीलधाऱ्यांना 'साधंच, घरच्यासारखं'. घरच्यासारखं हवं असणारी माणसं घराबाहेर पडतातच कशाला, हा प्रश्न चालत्या गाडीत विचारायचा नसतो. या सगळ्यावर 'आणि उगाच महाग नको' ही अट असतेच. ती घालणारा माणूस बहुधा बिल देणारा असतो, त्यामुळे तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

परक्या गावात पहिली गडबड होते ती प्रश्न विचारताना. 'इथे चांगलं हॉटेल कुठंय?' म्हटलं की समोरचा आधी आपल्या बुटांकडे बघतो, मग गाडीच्या नंबरप्लेटकडे, आणि गावातल्या सर्वांत महाग ठिकाणी धाडून देतो. त्यात लबाडी नसते. पाहुण्यासमोर गावाची शोभा व्हायला नको, एवढीच त्याची तळमळ. तो स्वतः तिथे भाचीच्या साखरपुड्याला एकदाच गेलेला असतो. खरा प्रश्न असा आहे: 'तुम्ही दुपारी कुठे जेवता?' यावर निम्मे लोक 'डबा आणतो' म्हणून आपल्याला वाटेला लावतात, ते सोडा. म्हणून डबा न आणणारी माणसं हेरायची. बदली होऊन आलेला बँकेतला साहेब, बिऱ्हाड गावी ठेवून राहणारे मास्तर, आणि सर्वांत पक्का म्हणजे औषध कंपनीचा एमआर. त्याचा रोजचा भत्ता ठरलेला असतो, त्यामुळे जेवण महागात पडलं तर फटका खिशाला, आणि पोट बिघडलं तर फिरती बुडते. इतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा नाही. दुपारी 1 च्या सुमारास दवाखान्याच्या पायरीवर काळी बॅग घेऊन तो ताटकळत असतो. त्याला गाठा.

एमआर न सापडल्यास कोर्ट, तहसील कचेरी किंवा मार्केट यार्ड. तारखेला खेड्यातून आलेला पक्षकार दिवसभर खोळंबतो आणि वकिलाची फी देऊन झाल्यावर त्याच्या खिशात जे उरतं, त्यातच जेवतो. त्याला परवडेल तेच त्या आवारात आणि समोरच्या बोळात टिकतं. मार्केट यार्डात हमाल आणि अडते पहाटेपासून असतात, त्यामुळे सकाळी सहालाही गरम पोहे मिळतात. फक्त रविवारी कोर्टासमोर जाऊ नका, आणि यार्डाच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

हल्ली माणसांऐवजी फोनला विचारतात. हरकत नाही, पण 'रेस्टॉरंट' असं टाईप केलं की फोनही त्या गावकऱ्यासारखाच वागतो. 'खाणावळ', 'भोजनालय', 'मेस', 'उपाहारगृह' हे शब्द देवनागरीत टाकून बघा, वेगळीच नावं वर येतात. ताऱ्यांवर जाऊ नये. बागेतला झोपाळा आवडलेली माणसंसुद्धा पाच तारे देतात. मालकाने टाकलेले फोटो सोडून गिऱ्हाइकांनी गेल्या तीन-चार महिन्यांत टाकलेले फोटो उघडायचे आणि दरपत्रक मोठं करून वाचायचं. 'अँबियन्स सुंदर' असं लिहिलेलं दिसलं की मी पुढे सरकतो. 'जेवण ठीक, पण बसायला जागा नाही, मालक तुसडा' असं पाचसहा जणांनी वैतागून लिहिलं असेल तर पत्ता टिपून घ्यावा. जागा नसतानाही लोक तिथे जातात आणि तुसडा मालक अजून दुकान चालवतो, याचा अर्थ लावायला तारे लागत नाहीत.

'ट्रकवाले थांबतात तिथे जेवण चांगलं' हे शास्त्र मात्र आता माळ्यावर टाकावं. ट्रकवाला थांबतो तो ट्रक लावायला जागा, आंघोळीला पाणी आणि पाठ टेकायला बाज असेल तिथे. जेवण हा त्यातला चौथा मुद्दा. खाजगी आरामबस थांबते त्या ढाब्याबद्दल तर बोलायलाच नको. ड्रायव्हर-क्लीनरचं ताट तिथे फुकट असतं आणि ते कोणाच्या ताटातून वसूल होतं, हे चहाचा घोट घेतानाच समजतं.

सरकारी स्वस्ताईची मात्र लोकांना पुरेशी माहिती नसते. एसटीच्या अधिकृत थांब्यांवर 30 रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना महामंडळाने 2016 मध्ये आणली. उतरल्यावर आधी कंडक्टरला विचारावं, मग गल्ल्यावर. रेल्वेने 2023 मध्ये फलाटावर जनरल डब्यांसमोर 20 रुपयांचं जेवण सुरू केलं: 7 पुऱ्या 175 ग्रॅम, बटाट्याची सुकी भाजी 150 ग्रॅम आणि लोणचं 12 ग्रॅम. लोणच्याची फोड वजनात बसवणाऱ्या खात्याला मी मनोमन नमस्कार करतो. एसी डब्यातल्या माणसाला याचा पत्ता नसतो, कारण त्याचा डबा त्या टपरीपासून पंधरा डबे लांब उभा असतो.

आता मूळ दुखण्याकडे वळू. त्याचं नाव 'पुढे बघू'.

कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालं की रस्ता सुमारे 130 किलोमीटरचा. सकाळी मिसळ झालेली असते, त्यामुळे मलकापूरला पोचताना कोणालाच भूक नसते. उजव्या हाताला साधी खाणावळ दिसते, दारात चपला दिसतात, आमटीचा वास येतो. गाडीतून आवाज येतो, 'आत्ताच कुठे? पुढे बघू.' आंबा गाव येतं. तिथे पाटी इंग्रजीत आहे म्हणून महाग असणार, पुढे बघू. मग घाट लागतो. घाटात जेवण नसतं, माकडं असतात, आणि मागच्या सीटवर कोणाला तरी मळमळतं. खाली साखरपा येतं, पण मळमळलेल्या माणसासमोर जेवणाचं नाव काढता येत नाही. नाणीज जातं. पालीला सगळ्यांना एकदम भूक लागते आणि घड्याळात पावणेतीन झालेले असतात. हातखंब्याला समोर येईल त्या, दिव्यांच्या माळा लावलेल्या 'फॅमिली' जागेत सगळे शिरतात आणि पनीर हंडी मागवतात. बिल मलकापूरच्या तिप्पट. वरून रत्नागिरीपर्यंत चर्चा एकच: 'तिथेच थांबायला हवं होतं.'

याला उपाय दोन. एक, घाट लागायच्या आधी जेवायचं, भूक असो वा नसो. दुसरा, साडेबारानंतर दिसलेली तिसरी बरी जागा शेवटची मानायची. पहिल्या दोन सोडायची मुभा ठेवली की प्रत्येकाला आपलं मत विचारात घेतल्याचं समाधान मिळतं.

जागा बरी की नाही हे दारातून कळतं. आत पाच-सात ताटं चालू असावीत आणि त्यात एकटी जेवणारी माणसं जास्त असावीत. रोजचा मेनू खडूने लिहिलेला असावा. छापील कार्डावर 140 पदार्थ असतील, तर त्यातले 120 एकाच लाल ग्रेव्हीतून निघतात. पाण्याचे पेले वाढपी कसा आणतो ते बघा. चार पेल्यांत चार बोटं बुडवून आणत असेल तर नमस्कार करून बाहेर या. भटारखान्याच्या दाराशी गरम पोळ्यांची चळत उंच असेल, तर त्या जास्त झाल्या म्हणून पडून आहेत. चळत दोन-चारचीच असून बाई लाटतच असेल, तर आत जा.

वेळ सांभाळायची ती सव्वाबारा ते दीड. पावणेबाराला आमटीला पुरती उकळी फुटलेली नसते, अडीचनंतर भात खरवडून येतो आणि भाजीचा नुसता रस्सा उरतो. साध्या राइस प्लेटमध्ये तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ, आमटी, एक मूद भात, लोणचं-पापड. मोठी भूक असलेल्याने दोन पोळ्या वरून घेतल्या तरी ते अनलिमिटेड थाळीच्या निम्म्यात बसतं. अनलिमिटेडचं गणित फसतं ते वाढण्याच्या क्रमाने. आधी ढोकळा, कोथिंबीर वडी, जिलबी, मग पुऱ्या. सगळं तेला-तुपातलं आणि आग्रहाने. पोळी-भाजी येईपर्यंत माणूस पट्टा सैल करत असतो. तिथे जाऊन पैसे वसूल करायचेच असतील, तर पहिली दहा मिनिटं वाढप्याच्या डोळ्याला डोळा देऊ नका.

बसताक्षणी 'साधं की बाटली?' हा प्रश्न येतो. स्वस्त जागेतला हा सर्वांत महाग प्रश्न. चौघांच्या चार बाटल्या म्हणजे एक जादा राइस प्लेट. प्रवासात पोट सांभाळायला घरून पाच लिटरचा कॅन भरून घ्यावा आणि 'आहे आमचं' एवढंच म्हणावं. त्यावर बायकोने टेबलाखालून मारलेली लाथ जेवणाच्या खर्चात धरू नये.

मासे खायचे असतील तर आधी कॅलेंडर बघा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मालवणला पावसात भिजत जाऊन सुरमई मागितली, तर ताटात बहुधा बर्फातली सुरमई येते, आणि तीही चढ्या भावाने. त्यापेक्षा खाडीचा मासा, सुक्या जवळ्याची चटणी, नाहीतर अंड्याचं कालवण मागावं. एरवी सुरमई थाळी आणि बांगडा थाळी यांच्या दरात फरक पडतो तो मुख्यतः तळलेल्या तुकडीमुळे. कालवण, सोलकढी, भात बहुतेक ठिकाणी तेच. कार्डावर दराच्या जागी 'साइझप्रमाणे' लिहिलं असेल, तर मासा तव्यावर पडण्याआधी साइझ बघायचा आणि दर वदवून घ्यायचा. नंतर विचारलं तर साइझ आपल्या पोटात असतो आणि दर त्यांच्या पेनात.

बिलाकडे एक नजर टाकावी. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतलं, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कर स्वतःच भरणारं छोटं हॉटेल गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही. तसं असल्याचं बिलावर छापलेलं असतं, आणि तरी खाली 5 टक्के जोडले असतील तर गोड आवाजात विचारावं. आवाज गोडच ठेवावा, कारण बडीशेप अजून यायची असते.

घराजवळचं प्रकरण वेगळंच. दोनशे किलोमीटरवरच्या मिसळीचा पत्ता तोंडपाठ असलेल्या माणसाला आपल्या मागच्या गल्लीतलं पोळी-भाजी केंद्र ठाऊक नसतं. ते गॅस संपल्यावर कळतं. तिथलेही नियम आहेत. पोळ्या पाचपर्यंत फोन करून सांगाव्यात. सातला गेलात तर भाजी निवडता येते, साडेआठला दुधी असतो. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, कायम दुधीच असतो. रस्सा भाजी पाव किलोत दोघांचं भागतं, सुकी दोनशे ग्रॅम पुरते. गरम पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका. वाफ धरते, पोळ्यांना घाम सुटतो आणि घरी पोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो. फडकं घातलेला स्टीलचा डबा न्यावा. डबा नेणाऱ्याला बाई वरची नाही, आताची पोळी देतात, असं माझं ठाम मत आहे.

वड्याच्या गाडीवर घाण्याकडे डोळा ठेवावा. ढीग मोठा दिसला म्हणून धावू नये, पुढचा घाणा निघेपर्यंत थांबावं. तेल काळं होऊन त्यावर फेस तरंगत राहत असेल तर भूक आवरावी. नियमाप्रमाणे तळणीच्या तेलातली पोलर संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणारा खराब भाग, 25 टक्क्यांच्या वर गेली की ते टाकून द्यायचं असतं. ते मोजायचं यंत्र आपल्या खिशात नसतं, नाक असतं.

महिन्याची मेस लावणाऱ्यांनी हिशेब नीट करावा. 30 दिवस, दोन वेळ, म्हणजे 60 ताटं असं वाटतं, पण रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे 56. रविवार दुपारची फीस्ट हा त्याचा मोबदला: मसालेभात, बटाट्याची भाजी आणि मोजून एक गुलाबजाम. खाड्याचा नियम पैसे भरायच्या आधी विचारावा. बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं आणि सलग तीन-चार दिवस नसलात तरच खाडा धरतात. एका वेळेचा खाडा मागणाऱ्याकडे मेसवाल्या काकू ज्या नजरेने बघतात, ती टाळलेली बरी.

खरेदीचं थोडक्यात. 'कोकण मेवा' असं हायवेवर ठळक लिहिलेल्या दुकानात आमसुलं घेऊ नका, गावातल्या बाजारपेठेत किराणा दुकानात जा. मूठभर घेऊन दाबून बघायची. हाताला पाणी लागलं तर आपण मिठाच्या पाण्याला किलोचा भाव देतोय. कुळथाचं पीठ चिमूटभर तोंडात टाकून बघा, खवट लागलं तर गेल्या हंगामाचं. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची पेटी उचलून खालच्या बाजूने बघा, वरचा थर फक्त फोटोसाठी असतो. आणि कोकणात दुपारी दीड ते चार कुठल्याही बाजारपेठेत जाऊ नका. फळी अर्धी उघडी दिसली तरी आतून 'चारला या' एवढंच ऐकू येतं, आणि ते सांगणारा माणूस कूस बदललेला असतो.