‘क्रोममध्ये चालतंय ना, मग झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की क्रोमचा वाटा ६५ टक्क्यांच्या वर, एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे ब्राउझर पण आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोमच्याच पायावर उभे, मग सफारी आणि फायरफॉक्समध्ये वेबसाइटचं टेस्टिंग करत बसणं म्हणजे क्लायंटचा वेळ आणि पैसा वाया घालवणं. वेळ कमी असतो हे मान्यच आहे, मी पण तेच काम करतो. बाकीचं मात्र मला पटत नाही.

आधी तो आकडा बघू. ब्राउझरचे वाटे सांगणारं स्टॅटकाउंटर पेज व्ह्यू, म्हणजे पानं किती वेळा उघडली ते मोजतं, माणसं नाही, आणि ज्यांनी मोजणारी स्क्रिप्टच ब्लॉक केलीय ते त्यात येतच नाहीत. शिवाय ती सगळ्या जगाची सरासरी, तुमच्या साइटवर कोण येतं ते त्यातून कळत नाही. आणि आयफोनवरचं क्रोम धरलंत का? २०२४ मध्ये युरोपियन युनियनच्या आणि नंतर जपानच्या कायद्यामुळे तिथे थोडी मोकळीक मिळाली, ते सोडलं तर ॲपलने आयफोनवर प्रत्येक ब्राउझरला वेबकिटच, म्हणजे सफारीचं इंजिन (कोड वाचून पान दाखवणारा आतला भाग) वापरायला लावलंय, म्हणजे ॲनालिटिक्समध्ये (साइटच्या भेटींच्या आकडेवारीत) ‘क्रोम’ दिसतंय पण आत इंजिन सफारीचं, आणि तुम्ही डेस्कटॉपवर जे टेस्ट केलं ते त्या माणसाच्या हातात नाहीच.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. एका नोंदणी फॉर्ममध्ये मी तारीख आणि वेळ मध्ये नुसती स्पेस देऊन जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टला (तारीख वाचणाऱ्या कोडला) दिली होती, क्रोमने ती मुकाट्याने समजून घेतली, तेव्हाच्या सफारीने ‘इनव्हॅलिड डेट’ म्हणून सोडून दिली आणि पुढचं बटणच चालू होईना. स्टँडर्डप्रमाणे मध्ये टी हे अक्षर लागतं, ते मी दिलं नव्हतं, म्हणजे चूक सरळ माझी. पण खरा त्रास पुढे आहे. महिन्याच्या रिपोर्टमध्ये सफारीवरून नोंदणी जवळपास शून्य, आणि मीटिंगमध्ये त्याचा अर्थ काढला गेला की आपले लोक सफारी वापरतच नाहीत. दार आपणच बंद केलं होतं आणि कोणी आत येत नाही म्हणून दाराची गरजच नाही असं ठरवत होतो! तुमच्या रिपोर्टमध्ये सफारी-फायरफॉक्सचे दोन-तीन टक्केच दिसत असतील तर त्यात असं किती दडलंय ते एकदा तपासा.

‘एकच ब्राउझर असता तर सोपं झालं असतं’ असंही तुम्ही लिहिलंय. तसं होऊन गेलंय की. इंटरनेट एक्सप्लोररकडे एकेकाळी ९० टक्क्यांच्या वर वाटा होता, आवृत्ती ६ आली २००१ मध्ये आणि ७ आली थेट २००६ मध्ये, मधली पाच वर्षं काम जवळजवळ ठप्प, कारण घाई करायला कोणी स्पर्धकच उरला नव्हता. २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आल्यावर कुठे हालचाल झाली. आणि ‘फक्त एक्सप्लोररमध्ये चालेल’ अशा ऑफिसच्या सिस्टिम लोकांना पुढे कित्येक वर्षं सांभाळत बसाव्या लागल्या, मी सांभाळल्यात. आता ऑपेराने २०१३ मध्ये आणि एजने २०२० मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं, त्यामुळे मुख्य इंजिनं तीनच उरलीत, ब्लिंक (क्रोमियमचं), वेबकिट (सफारीचं), गेको (फायरफॉक्सचं). मला याची खरंच काळजी वाटते.

आणि प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी साइट करा असं मी कुठेच म्हटलं नाहीये. यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर साइटला स्वतःची ओळख म्हणून पाठवतो ती ओळ, बघून कोडला फाटे फोडायचे तर अजिबातच नाही, कारण ती स्ट्रिंग बघा, क्रोम स्वतःच्या ओळखीत मोझिला, ॲपलवेबकिट, गेको, सफारी सगळ्यांची नावं सांगतो, जुन्या साइट्सनी नाव बघून लोकांना बाहेर ठेवलं त्याचाच हा परिणाम. ब्राउझरचं नाव विचारू नका, फीचर आहे का ते विचारा, सीएसएसमध्ये (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेत) ॲट-सपोर्ट्स त्यासाठीच आहे. सावली, कोपरे, ॲनिमेशन इकडेतिकडे झालं तरी चालेल, फॉर्म आणि लॉगिन मात्र तिन्ही इंजिनांवर चाललंच पाहिजे. माझ्या गेल्या कामात एवढ्याला एक दुपार गेली, आणि त्यातही अर्धा वेळ मोबाइल सफारीच्या ॲड्रेस बारमुळे १०० व्हीएच (पूर्ण स्क्रीनएवढ्या) उंचीचा भाग खाली कापला जात होता त्यात गेला, तिथे डीव्हीएच (ॲड्रेस बार दिसतो-लपतो तसं बदलणारं माप) वापरलं आणि सुटलं. तुमचा फॉर्म आज एकदा आयफोनवर उघडून शेवटपर्यंत भरा आणि काय होतं ते मला इथेच कळवा, अडलं तर बघू आपण.